बैठकीआधीची बैठक

डोंगरवार सर कुठल्याही बैठकीत शिरले की आधी रिकाम्या जागा बघायचे. लग्न असो, तेरवी असो, कॉलेजची मीटिंग असो, दारातच थांबून चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कोन नाई आलं?" कोणी आलेल्यांची नावं घ्यायला लागलं की हात हलवून त्याला गप्प करायचे. "आलेले मले दिसून राहिले. न आलेल्याचं सांग."

या एका सवयीवरून मी त्यांच्यावर बरीच वर्षं विश्वास ठेवला. जो माणूस दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीची इतकी काळजी करतो, तो आपली खुर्ची परस्पर उचलून देणार नाही, असं मी धरून चाललो होतो. धंद्यात असा विश्वास मी सख्ख्या साडूवरही ठेवत नाही.

सर साकोलीला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. गाव त्यांचं आणि माझं एकच, सिंदटोली. ते गावातले पहिले शिकलेले, आणि मी गावातला पहिला असा माणूस ज्याने शिक्षण सोडून सायकलवर बांबू बांधले. आता हायवेवर माझं मंडप-डेकोरेशनचं गोडाऊन आहे, दोन गाड्या आहेत, आणि तालुक्यात माझ्याशी घासाघीस करायला येणारा माणूस घरून पाणी पिऊन येतो.

सरांचा अभ्यासाचा विषय सांगितला की लोक हसायचे. साकोलीत बसून हा माणूस युरोपवर लिहायचा. तेही तिथले राजे किंवा लढाया नव्हेत. युरोपातल्या सत्तावीस देशांचा एक संघ आहे. बाहेरच्या जगाशी कसं वागायचं, हे ठरवायचं तर तिथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला सगळ्यांचा होकार लागतो. एकाने मान हलवली नाही की गाडी जागच्या जागी. मग दोन-तीन मोठे देश, किंवा ज्यांच्या अंगाशी तो प्रश्न येतो असे चार-पाच देश आधी वेगळे बसतात. त्या बसण्याला कायदा नाही, कचेरी नाही, शिक्का नाही. त्यांचं आपसात ठरतं आणि बाकीच्यांपुढे वाढलेलं ताट येतं. या वेगळं बसणाऱ्या देशांवर सरांनी पीएचडी केली होती. स्वतः युरोप पाहिला नव्हता. एकदा बेल्जियमच्या परिषदेचं बोलावणं आलं, भंडाऱ्याला कोट शिवून झाला, आणि व्हिसा काही मिळाला नाही. तो कोट मग ते दर जानेवारीत कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला घालायचे. पोरं मागून "ब्रसेल्स, ब्रसेल्स" म्हणायची. सर मागे वळून हात करायचे, जणू खरंच कोणी तिकडून हाक मारली.

आमची खरी ओळख एका सौद्यात झाली. कॉलेजात चर्चासत्र होतं, मांडव हवा होता. सरांनी साकोलीतल्या सगळ्या मंडपवाल्यांना भाव विचारले आणि शेवटी माझ्याकडे आले. मी भाव सांगितला. ते खुर्चीत बसले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "तुमी सारे एकमेकात आधी बसता का गा?"

"कायले बसू जी? मी माह्या धंद्याचा मालक."

"मंग चौघांचा भाव सारखा कसा? अन् त्या तारखेले तिघांची गाडी बाहेरगावी कशी?"

आम्ही बसायचो. सीझनच्या आधी एका ढाब्यावर बसून कोणती तारीख कोणाची, हे आम्ही वाटून घ्यायचो. धंदा असाच चालतो, त्याची लाज मला तेव्हाही नव्हती, आजही नाही. पण बाहेरच्या माणसाने ते ओळखल्याचा मला राग आला, आणि मी म्हणालो, "पटत असंल तर घ्या, नाई तर गोंदियाहून मांडव आना."

सर रागावले नाहीत. टेबलावर थाप मारून हसायला लागले. "अरे बाप्पा! मी इतके वर्स तिकडचं वाचून राहिलो, अन् तो गट तर साकोलीच्या ढाब्यावर बसून राहिला!" मग माझ्याच चहाचे दोन घोट घेऊन त्यांनी तासभर मला प्रश्न विचारले. आम्ही चौघंच का? पाचवा मंडपवाला आला तेव्हा काय केलं? तो चिडला का? चिडला तर त्याला आत घेतलं की चेपलं? मी उत्तरं देत गेलो. भाव एक रुपयानेही कमी केला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

त्यानंतर सर माझ्या गाडीत बसून गावी यायचे. येताना पूर्ण रस्ता युरोप. इराणच्या अणुभट्ट्यांवरून बोलणी करायला कसे तीन मोठे देश पुढे गेले, बाकीच्यांनी आधी तोंड वाकडं केलं आणि मग मान्य केलं, हे त्यांनी मला लाखनीच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये सांगितलं. त्या तिघांतला ब्रिटन पुढे संघातून बाहेर पडला, तरी त्या तिघांच्या बैठकीत तो बसतोच आहे, हेही सांगितलं.

"म्हनजे फारकत झाली तरी पंगतीत बसून राहिला?" मी विचारलं.

सर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "हे वाक्य मले प्रबंधात पाहिजे होतं रे ठेकेदार." मला ते ठेकेदारच म्हणायचे.

आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तर मला त्यांच्याकडून ऐकून पाठ झालं होतं. त्यांचं म्हणणं असं, की अशा वेगळ्या बसण्याला नुसतं वाईट म्हणून चालत नाही. सत्तावीस जणांनी एकदम बोलायचं म्हटलं तर संध्याकाळ होते, प्रश्न तिथेच राहतो. पण आत बसणाऱ्याने बाहेर थांबलेल्याला स्वतः जाऊन सांगितलं पाहिजे, आणि पेपरात येण्याआधी सांगितलं पाहिजे. जिथे हे झालं नाही तिथे सौदा चांगला असूनही लोकांनी थुंकून टाकला. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. "माल्टासारखा एवढुसा देश, त्याले बातमी टीव्हीवरून समजावी? त्याची काही इज्जत हाय का नाही?"

एवढं लक्षात ठेवा. पुढचं मी रागात सांगणार आहे, आणि राग कशाचा हे समजलं पाहिजे.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसभर दुकानं, पाळणे, दुपारी दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं सोंग, आणि पाहुण्यांनी भरलेली घरं. आमच्या भागातल्या अकरा गावांनी आपापला दिवस धरलेला आहे. दोन गावांची मंडई एका दिवशी आली की दुकानदार मोठ्या गावात जातात आणि लहान गावात फक्त धूळ उडते. म्हणून दिवाळीच्या आधी अकरा गावांची बैठक होते. कोणी कोणाचा मालक नाही. सरपंच येतो, पण सरपंच म्हणून त्याला तिथे किंमत नाही. अकरा जण हो म्हणतील तेव्हाच दिवस पक्का.

सिंदटोलीचा दिवस भाऊबीजेपासून तिसरा. लहानशा गावाला इतका चांगला दिवस कसा मिळाला, ते आता कोणाला आठवत नाही. पण त्याची किंमत गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. भाऊबीजेला लेकी माहेरी येतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत राहतात. चौथ्या दिवशी जावई न्यायला उभा. माझी बहीण शकुन आमगावकडे दिली आहे. वर्षातून तिला तिच्या मैत्रिणी एकाच दिवशी भेटतात, मंडईच्या दिवशी. बांगड्यांच्या दुकानापुढे पाच-सहा जणी जमतात, बांगड्या घेत नाहीत, दुकानदार वैतागतो, त्या हसतात. पोरीपोरांची लग्नं तिथेच बोलली जातात. आठ-दहा दिवसांनी मंडई भरवली तर दुकानं येतील, पाळणाही येईल, पण लेकी नसतील, आणि गाव धान कापायला बांध्यांत गेलेलं असेल.

अकरा गावांची बैठक दरवर्षी लांबायची. एका वर्षी तर दोन गावांनी एकमेकांच्या अंगावर देवाचे नारळ फेकले. त्यानंतर सर उभे राहिले. "असं नाही होत," ते म्हणाले. "धानगाव, खांबापूर अन् वडेकुंड, ही तीन मोठी गावं आधी बसू द्या. त्यायचं आपसात जुळलं की निम्मं भांडन गेलं. मंग साऱ्यांसमोर मांडू."

मी उठलो. "सर, आधी तिघांनी खांब गाडून घ्यायचे, अन् आमाले विचारायचं छत कोन्या रंगाचं पाहिजे?"

"तू कायले भडकतं? शेवटी होकार अकराही जनांचाच लागंल."

"मले वाढलेलं ताट माहीत हाय जी. तुमीच सांगतलं."

लोक हसले. सरही हसले. वडेकुंडचे एक म्हातारे म्हणाले, "मंग असं करा ना. लहान गावांकडून मास्तरलेच बसवा आत. त्याईच्याएवढं कोनाले समजते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावातल्या लोकांची तर छाती फुगली, आपला माणूस मोठ्यांच्या पंगतीत. मान म्हणून आम्ही सरांना आत पाठवलं. तिथे आमच्यासाठी भांडायचं, असं कोणी त्यांना सांगितलं नाही, कारण ते सांगावं लागतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शिकलेल्या माणसाला काय सांगायचं? आम्ही लोक असेच. मान दिला की काम झालं समजतो.

पहिलं वर्ष लोण्यासारखं गेलं. बैठक चहा थंड व्हायच्या आत संपली. सर गाडीत गुणगुणत होते.

दुसऱ्या वर्षी, बैठकीला अजून चार दिवस असताना, मी गावात घरी जेवत होतो. रस्त्यावरून भोंगा लावलेला ऑटो गेला. धानगावची भव्य मंडई, दोन आकाशपाळणे, मौत का कुआँ, दंडार, आणि दिवस कोणता? भाऊबीजेपासून तिसरा. मी हातातला घास ताटात टाकला. शकुनचा फोन आला, भोंगा ऐकून तिलाही कोणीतरी कळवलं होतं. "दादा, आपली मंडई धानगावले गेली का रे?" मी म्हणालो, चूक झाली असेल, अजून बैठक व्हायची आहे. ऑटोवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "मले काय मारता जी, मास्तरच हो म्हनले ना."

तसाच साकोलीला गेलो. सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपराची घडी केली, नीट, चारही कोपरे जुळवून.

"भोंगा आयकला?" ते म्हणाले.

"अख्ख्या तालुक्याने आयकला. खरं हाय का?"

"बस आधी."

"बसाले नाई आलो. खरं हाय का?"

"खरं हाय." मग ते बोलत सुटले. धानगाव ऐकायलाच तयार नव्हतं. त्यांना तिसरा दिवस हवा होता, नाहीतर ते अकरा गावांतून बाहेर पडून मनाला येईल त्या दिवशी मंडई भरवणार होते. तसं झालं असतं तर बाकीच्या लहान गावांचे दिवसही एकेक करून गेले असते. म्हणून सरांनी तोड काढली. सिंदटोलीने तिसरा दिवस सोडायचा, आणि त्या बदल्यात बाकीच्या लहान गावांचे दिवस कायमचे पक्के, कोणी हात लावायचा नाही.

"दुसऱ्या कोनाचा दिवस मी कसा देऊ?" सर म्हणाले. "आपल्या गावचाच द्यावा लागते. तिथं बसून मी आपल्याच गावाचं पाहिलं असतं तर माह्यात अन् धानगाववाल्यात फरक काय?"

मी सौदेबाज आहे, म्हणून खरं सांगतो. सौदा वाईट नव्हता. एक देऊन सात वाचवले, मी असतो तर कदाचित पाचच वाचवले असते. पण दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता विकायची नसते. ढाब्यावर बसणाऱ्या आम्हा चार मंडपवाल्यांनाही एवढं कळतं. आणि हा माणूस त्याला तत्त्व म्हणत होता.

"आमाले काहून नाई सांगतलं?"

"सांगायले येनारच होतो."

"कवा? पाळना उभा झाल्यावर?"

सर हळू आवाजात म्हणाले, "तुमाले सांगतलं असतं तर सौदाच झाला नसता. तू अर्ध्या रात्री धानगावले जाऊन भांडला असता. ठेकेदार, खोलीत मानसं वाढली की निर्णय मरते. हे मी जन्मभर वाचून राहिलो."

"अन् शेवटचं प्रकरन? ते कोनी लिहिलं? तो माल्टा, त्याची इज्जत, ते सारं गाडीत बसून कोन बोलत होतं?"

त्यांचा चेहरा असा झाला, की दुसऱ्या कोणाचा असता तर मी थांबलो असतो. मी थांबलो नाही. म्हणालो, "सर, तुमी युरोप वाचला, पन तुमाले आमगावच्या शकुनचा तिसरा दिवस नाई वाचता आला. तिले बातमी भोंग्यावरून समजली." आणि निघालो. पायऱ्यांपाशी त्यांनी हाक मारली, "चहा तरी..." मी गाडीचं दार आपटलं.

बैठक झाली. दहा गावं हो म्हणाली. सिंदटोलीकडून मी नाही म्हणालो. एकाने नाही म्हटलं की ठरत नाही, हा आमचा रिवाज. पण ऑटो फिरून झाले होते, पाळण्यांचा विसार गेला होता, आणि धानगावचा माणूस दात कोरत म्हणाला, "तुमच्या नाईले आता कोन पुसते?" ज्यांचे दिवस वाचले होते ती लहान गावं जमिनीकडे बघत बसली. सर कोपऱ्यात बसून चष्मा पुसत होते.

मग मी गावात येऊन सांगितलं, मंडई तिसऱ्या दिवशीच भरेल. मांडव माझा, खुर्च्या माझ्या, दंडारीचं मी बघतो. आमच्याच गावातल्या पोरांनी जुनी दंडार पुन्हा उभी केली. दुकानं आली ती दोन, एक चिवड्याचं आणि एक फुग्यांचं. पाळणा नाही. बांगडीवाला धानगावला गेला. सगळी ओळ मोकळी, मधून कुत्री फिरत होती. पण लेकी आल्या. धानगावला जायचं सोडून त्या नवी लुगडी नेसून मांडवात येऊन बसल्या, आणि शकुन मला म्हणाली, "दादा, तोंड सरळ कर. तेरवीले नाई आलो आमी."

दंडार सुरू झाल्यावर सर आले. बसस्टॉपवरून चालत, एकटेच. मांडवाच्या कडेला दोरीपाशी उभे राहिले. या माणसाला गावात कधी खुर्ची मागावी लागली नव्हती. चार जण आपली सोडून उठायचे. त्या दिवशी कोणी उठलं नाही. माझ्या खुर्च्या ढिगाने रिकाम्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा दंडारीकडे बघायला लागलो. दंडार संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

त्यानंतर दोन वर्षं झाली. तिसरा दिवस आता धानगावकडे आहे आणि आमच्याकडेही आहे. त्यांच्याकडे गर्दी असते, आमच्याकडे लेकी. दुकानं या वर्षी चार आली. सर निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला गेले, ते पुन्हा गावात आले नाहीत. लोक म्हणतात, झालं ते झालं, मोठा माणूस होता. होता. मोठाच होता. म्हणूनच माझा राग जात नाही. धानगाववाल्यावर मी काय रागावू? त्याने जे केलं ते तो करणारच होता.

सर दोरीपाशी उभे राहिले होते, त्या संध्याकाळी मी मांडव उतरवत होतो. सर गावातल्या पहिल्या घरापासून सुरू झाले होते. दार वाजवायचे, आत जायचे, काही वेळाने बाहेर येऊन पुढच्या दाराशी जायचे. आतून बायकांचे आवाज येत होते. एका घरात पार्वताकाकू ओरडत होत्या, "आता कायले सांगून राहिले जी? आता काय कामाचं?" सर मान खाली घालून ऐकत होते. निघून जात नव्हते. काकूंचं बोलून संपलं, तसे त्यांनी हात जोडले आणि पुढच्या घरी गेले.

असं करत ते माझ्या घरापर्यंत आले. मी अंगणात बांबूंना दोर आवळत होतो. ते फाटकाशी थांबले. चष्मा घामाने घसरला होता.

"ठेकेदार," ते म्हणाले, "धानगाववाल्यासोबत मी जे ठरवलं, ते तुले आधी..."

"मले समजलं हाय," मी दोर ओढत म्हणालो. "बाजूच्या घरी म्हातारी एकटीच हाय, तिले कमी आयकू येते. तिले जोरानं सांगा."

सर बाजूच्या घराकडे गेले. मी दुसरा बांबू घेतला. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता, वर्गात बोलायचे तसा चढलेला, एकेक शब्द सुटा. म्हातारीला पहिल्यांदा समजलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.